राखीव प्रत

श्रोतेहो, भिवंडीहून ठाण्याकडे येणाऱ्या रस्त्यालगत राहनाळ नांवाचें गांव आहे. आमचें मूळ घर तेथलें. आज या गांवाचें नांव काढलें कीं बहुतेकांस मालाचीं गोदामें आठवतात. राहनाळ, पूर्णा, काल्हेर या बाजूस गोदामांच्या पत्र्यांच्या रांगाच रांगा दिसतात. माझ्या डोळ्यांपुढें मात्र अद्याप तेथलीं भाताचीं खाचरें आहेत. तीं खाचरें, गौरीगणपतींत जमलेले भाऊबंद आणि माझी आई, हें सारें एका डिजिटल कॅमेऱ्यानें टिपलेल्या छायाचित्रांत होतें. छायाचित्रें संगणकांत होतीं, आणि संगणकावर सर्वस्वीं भरंवसा नको म्हणून त्यांची राखीव प्रत, जिला व्यवहारांत बॅकअप म्हणतात ती, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून कपाटांत ठेविली होती.

पुढें संगणक बिघडला. आम्हांस फारसें दुःख झालें नाहीं. कपाटांत प्रत होती! परंतु ती डिस्क जोडून पाहिली तेव्हां कांहीं चित्रें नीट उघडलीं, कांहीं मुळींच उघडेनात, आणि कांहींचा वरचा पट्टा तेवढा दिसून खालीं सारा राखी रंग पसरलेला होता. आईचें जें चित्र आम्हांस सर्वांत अधिक हवें होतें, त्यांत दाराचें तोरण स्पष्ट दिसत होतें. तोरणाखालीं ती उभी होती. तेथें कांहींच नव्हतें.

आपल्यावर आलेला प्रसंग जगांत आपल्यावरच प्रथम आला असें प्रत्येकास वाटतें. मलाहि तसें वाटलें. पण इतिहास चाळून पाहिल्यावर ध्यानांत आलें कीं, प्रतीवर विसंबून फसणारे आम्ही पहिले नव्हों. या फसगतीचें एक मोठें उदाहरण संगणकाच्या पुष्कळ आधीं, आणि तेंहि आपल्याच महाराष्ट्रांतल्या चित्रांच्या बाबतींत घडलेलें आहे.

अजिंठ्याचीं लेणीं १८१९ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं. आंतल्या भित्तिचित्रांचे पोपडे सुटत होते, ओल आणि वटवाघळें यांनीं त्यांची दुर्दशा चालविली होती. तेव्हां मूळ चित्रें नाहींशीं होण्यापूर्वीं त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या, या हेतूनें १८४४ सालीं मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिलनें कित्येक वर्षें अजिंठ्याच्या परिसरांत राहून मोठमोठ्या कॅनव्हासांवर तैलरंगांत प्रती तयार केल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि लंडननजीक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली. इतक्या वर्षांच्या श्रमांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं चित्रें काय तीं उरलीं. भिंतीवरचीं चित्रें नाश पावतील म्हणून प्रती काढाव्या, त्या सुरक्षित म्हणून सातासमुद्रांपलीकडे न्याव्या, आणि प्रती जळून भिंतीवरचीं चित्रें मात्र शिल्लक राहावीं, असा हा विलक्षण प्रकार झाला.

गिलनें खचून न जातां पुनः कामास आरंभ केला. १८७९ सालीं तो मरण पावला. त्याची कबर भुसावळास आहे. त्यापूर्वींच, म्हणजे १८७२ सालीं, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास गेले होते. पेस्तनजी बोमनजी हे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार याच मंडळींत होते. १८८५ पर्यंत हें काम चाललें, आणि याहि प्रती लंडनला रवाना झाल्या. त्याच १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें ठेवलेल्या या प्रतींच्या सांठ्यास आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. एका आगीचा अनुभव गांठीं असतांहि सारा सांठा पुनः एकाच शहरांत, एकाच छपराखालीं ठेविला होता!

मग ग्रिफिथ्सचें काम जगास कळलें कसें? उरलेल्या प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहेतच. परंतु त्यांहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, १८९६ च्या सुमारास या चित्रांचा दोन खंडांचा ग्रंथ छापला गेला. छापलेला ग्रंथ एका जागीं राहत नाहीं. तो अनेक शहरांतील अनेक ग्रंथालयांत जाऊन पडतो. एका आगीनें सगळे ग्रंथ जळत नाहींत. प्रत किती सुंदर आहे यापेक्षां ती किती ठिकाणीं आहे यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें, हा अजिंठ्याचा पहिला धडा होय.

दुसरा धडा याहून कटु आहे. प्रती काढतांना रंग उठून दिसावे म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढविण्यांत आलें. तें कालांतरानें पिवळें आणि मळकट झालें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. सुटणारे पोपडे त्यांनीं बसविले हें खरें. पण त्यांनीं चढविलेला लाखेचा लेपहि काळवंडला, आणि तो काढण्याचें नाजूक काम मागाहून पुरातत्त्व खात्यास करावें लागलें. हेतु कोणाचाच वाईट नव्हता. वाचविण्याच्या घाईंत मुळालाच हात घातला, एवढाच काय तो दोष.

तिसरें उदाहरण चित्रपटाचें आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. तो चार रिळांचा होता. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तेव्हां फाळक्यांच्या कृतींचा शोध घेणाऱ्यांच्या हातीं ‘हरिश्चंद्रा’चीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें लागलीं. तींहि १९१३ सालचीं नसून, फाळक्यांनीं १९१७ सालीं तीच कथा पुनः चित्रित केली त्या चित्रपटाचीं असावींत, असें अनेक अभ्यासक मानतात. डब्यावर नांव आहे म्हणून आंत तीच वस्तु आहे असें समजूं नये; हाती आलेली प्रत नेमकी कशाची, हें विचारलेंच पाहिजे. पुण्यांतच ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगीनें नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा सांठा गिळला, हेंहि येथें स्मरतें.

आतां आपण संगणकाकडे वळूं. संगणकांतील छायाचित्र म्हणजे आंकड्यांची एक लांबलचक माळ होय. १९९२ सालीं मान्य झालेल्या जेपेग या पद्धतीनें ही माळ आखूड करून साठवितात. या पद्धतींत चित्राचे बारीक चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनाचा मूळ उजेड स्वतंत्र न लिहितां मागील चौकोनाहून तो किती कमीअधिक आहे तेवढेंच लिहितात. त्यामुळें जागा वांचते. पण मध्येंच कांहीं आंकडे बिघडले तर पुढच्या सर्व चौकोनांचा हिशेब चुकतो. तोरण दिसावें आणि आई दिसूं नये, याचें कारण हें होतें.

पुसलेल्या चित्राची गोष्ट निराळी. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एखादी फाईल पुसली म्हणजे बहुधा तिची अनुक्रमणिकेंतील नोंद तेवढी रद्द होते. आंकडे त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत तसेच राहतात. ग्रंथाची अनुक्रमणिका फाडली म्हणून पानें जात नाहींत, तसाच हा प्रकार. जेपेगच्या प्रत्येक फाईलच्या आरंभीं आणि शेवटीं ठराविक खूण असते. ‘फोटोरेक’सारखीं साधनें अनुक्रमणिका बाजूस ठेवून सारी डिस्क आरंभापासून वाचीत जातात आणि त्या खुणांवरून चित्रें वेंचून काढतात. म्हणूनच चित्र हरवल्याचें कळतांच त्या डिस्कवर कांहींहि नवें लिहूं नये. नव्या धर्तीच्या, चक्र नसलेल्या डिस्कवर पुसलेली जागा यंत्र स्वतःच लौकर मोकळी करून टाकतें. तेथें फारशी आशा नसते.

आमच्या डिस्कवर काम करणाऱ्या तरुणानें पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्यानें चित्रांस हातच लावला नाहीं. सबंध डिस्कची, बिघडलेल्या भागांसकट, जशीच्या तशी प्रतिकृति दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली, मूळ डिस्क बाजूस ठेविली, आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिकृतीवर केले. हें पाहतांना मला अजिंठ्याचें व्हार्निश आठवलें. जी शिस्त त्या काळच्या मंडळींस सांपडली नाहीं, ती या तरुणाच्या हातांत सहज होती.

मग आमचें चुकलें कोठें? आम्हीं प्रत काढली, ती जपली. पण ती एकदांहि उघडून पाहिली नाहीं. ती काढतांनाच बिघडली कीं कपाटांत पडून बिघडली, हें आतां कळणें नाहीं. ही चूक थोरामोठ्यांच्याहि हातून होते. १९९८ सालीं अमेरिकेंत पिक्सार कंपनीचा ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्याच्या फाईली भराभर पुसल्या जाऊं लागल्या. राखीव प्रतीकडे धांव घेतली तों ती सदोष निघाली. अखेर चित्रपट तरला तो गॅलिन सुस्मन या बाईंमुळें. बाळंतपणानिमित्त त्या घरूनच काम करीत असल्यामुळें त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. कंपनीची प्रत फुकट गेली आणि घरची उपयोगी पडली!

आमच्याहि चित्रांचा शेवट सर्वस्वीं निराशेचा झाला नाहीं. न उघडणाऱ्या चित्रांपैकीं पुष्कळशीं परत मिळालीं. खाचरें मिळालीं, भाऊबंद मिळाले. आईचें तें मोठें चित्र मात्र गेलें तें गेलेंच. परंतु कॅमेरा चित्र टिपतांना फाईलच्या आरंभीच्या भागांत त्याच चित्राची एक चिमुकली प्रतिमा स्वतःहून ठेवून देतो, आणि बिघाड त्या भागापर्यंत पोंचला नव्हता. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्या प्रतिमेंत तोरणाखालीं आई उभी आहे. चेहऱ्याची ठेवण कळते. डोळे कळत नाहींत.

हल्लींचें यंत्र अशी लहान प्रतिमा मोठी करून, डोळे अंदाजानें भरून, सबंध चेहरा तयार करून देतें. तसें करूं काय, असें त्या तरुणानें विचारलें. माझी धाकटी बहीण म्हणाली, “दादा, ते डोळे आईचे नसतील रे.” आम्हीं तें केलें नाहीं. दुसरे कोणी करतील तर त्यांस मी दोष देणार नाहीं; मात्र तें अंदाजाचें चित्र निराळें ठेवावें आणि त्यावर तसें लिहून ठेवावें. नाहींतर आपलीं नातवंडें डब्यावरचें नांव वाचून आंतली वस्तु खरी मानतील.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आज असें एखादें कपाट आणि त्यांत अशी एखादी डिस्क असेल. खंडेनवमीस आपण घरांतील हत्यारांची व यंत्रांची पूजा करतों. अलीकडे संगणकासहि गंधफूल मिळतें. त्या दिवशीं आणखी एक काम करावें. राखीव प्रत बाहेर काढावी, तींतील चित्रें खरोखर उघडून पाहावीं, नवी प्रत करावी, आणि ती दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या बहिणीच्या किंवा मुलाच्या घरीं ठेवावयास द्यावी. या कामास एक दुपार पुरे होते. आमच्या राहनाळच्या घरीं आतां ही वहिवाट पडली आहे. ती चार वर्षें आधीं पडती, तर आज आईचे डोळे आम्हांस दिसते.