बांधीत अडलेले पुराचे पाणी कसे मोजावे?

वैनगंगेचा पूर धानाच्या बांध्यांत शिरतो तेव्हा पाणी किती अडले, हे अंदाजाने लिहू नये. रोवणीनंतर बांधीत सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवावी. बांधी उंचसखल असल्यास तीन काठ्यांची सरासरी घ्यावी. पूर शिरण्याआधीची आणि पूर ओसरून पाणी बाहेर वाहायचे थांबल्यावरची पातळी नोंदवावी. फरक १० सेंमी असेल, तर एकरी सुमारे ४ लाख लिटर पाणी अडले. ऐन पुरातली उंची धरू नका, त्यातले बरेच पाणी निघून जाते. आकडा वाढावा म्हणून पाणी मात्र कोंडू नका. ऑगस्ट २०२०च्या अखेरच्या पुरात उभे धान बुडाले होते. शेंडे पाण्याखाली असतील तर आधी निचरा करा. अहवालात गट क्रमांक, क्षेत्र, तारीख, दोन्ही मापे आणि त्या दिवसांचा पाऊस द्यावा, कारण काठीवर पाऊसही मोजला जातो.