मोगलीच्या मुलखातली मुलं : जबलपूर, गोंडवन आणि पुस्तकातलं आपलं पान

आजच्या भागात आपण जबलपूरच्या परिसरात जाणार आहोत. विषय आहे मुलांची पुस्तकं आणि वर्गातलं वाचन. पण सुरुवात एका प्रश्नाने करू. ज्या मुलखावर जगातलं एक अतिशय गाजलेलं बालपुस्तक लिहिलं गेलं, त्या मुलखातल्या माणसांना स्वतःचं पुस्तक करायला किती काळ लागला? उत्तर आहे, एकशे दहा वर्षं. ती कशी गेली, ते आज पाहू.

नागपूरहून रस्त्याने जबलपूरला निघालं की वाटेत सिवनी लागतं. रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ 1894 साली आलं, ते या सिवनीच्या डोंगरांवरचं. त्यातली वैनगंगा आपल्या ओळखीची आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे येते. किपलिंगचा जन्म मुंबईचा, पण हे पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये. जंगलाची बरीचशी माहिती त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून घेतली. त्यातलं एक पुस्तक रॉबर्ट स्टर्नडेलचं, खुद्द सिवनीवरचंच, 1877 सालचं.

मोगली आपल्या सगळ्यांचा लाडका. 1990च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची तेव्हा मुलं रविवारी सकाळी घराबाहेर पडत नसत. पण मोगलीच्या गोष्टींत या जंगलाचे मूळ रहिवासी, म्हणजे गोंड, किती दिसतात? क्षणभर. गावावर संकट आलं म्हणून गावकरी एका भटक्या गोंड शिकाऱ्याला बोलावतात, तो संकेताने काही सांगतो आणि निघून जातो. वाघाला, अस्वलाला, अजगराला पानंच्या पानं बोलायला मिळतात. गोंड मूल मात्र त्या जंगलात नाहीच.

आता थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जबलपूरचा परिसर हा गढा-मंडला या गोंड राज्याचा गाभा. शहरातला मदनमहाल त्याच राज्याची खूण. राणी दुर्गावती मोगल सैन्याशी लढताना 24 जून 1564 रोजी इथून जवळच धारातीर्थी पडली. हे राज्य 1781 साली संपलं आणि ते संपवलं सागरच्या मराठ्यांनी. पुढे जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि 1817मध्ये इंग्रजांकडे गेलं. म्हणजे या गोष्टीत आपण मराठी माणसं केवळ पाहुणे नाही. सत्तेच्या बाजूनेही आपण इथे होतो, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

त्याच राजघराण्यातले शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिलं. त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा काय होता, तर कागदावर लिहिलेली देवीची प्रार्थना, शत्रूचा संहार कर अशी विनवणी करणारी कविता. कवितेसाठी मृत्यू! ही गोष्ट कुठल्याही मुलाला धरून ठेवील अशी आहे.

गोष्टी लोकांच्या तोंडी होत्याच. त्या शाळेपर्यंत कशा पोचतात, ते पाहण्यासाठी जबलपूरच्याच एका घरात डोकावू. सुभद्राकुमारी चौहान 1920च्या दशकापासून जबलपूरला राहत होत्या. 1923च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. त्यांची झाशीच्या राणीवरची कविता हिंदी प्रांतातल्या मुलांना तोंडपाठ असते. गंमत पाहा, मराठी तांबे घराण्यातली मनू, जन्म काशीचा, राज्य बुंदेलखंडातलं आणि तिची कविता लिहिली जबलपूरच्या एका हिंदी कवयित्रीने. मध्य प्रदेशात वाढलेल्या कित्येक मराठी मुलांना लक्ष्मीबाई भेटली ती याच कवितेतून.

त्या कवितेत सुभद्राकुमारी आपला उगम सांगून टाकतात : ही कहाणी आम्ही बुंदेल्या हरबोल्यांकडून ऐकली. हरबोले म्हणजे गावोगाव फिरून गाणारे लोकगायक. त्यांचं गाणं कवयित्रीच्या कानावर आलं, कवितेत आलं, कविता क्रमिक पुस्तकात आली. तोंडातून कागदावर आणि कागदावरून वर्गात, असा सरळ रस्ता तिला मिळाला.

सुभद्राकुमारींनी मुलांसाठीही लिहिलं. ‘सभा का खेल’ या कवितेत मुलं अंगणात सभा-सभा खेळतात; एक गांधी होतो, एक नेहरू, एक सरोजिनी. त्या काळातल्या घरातलं मूल त्या कवितेत स्वतःला ओळखत असणार, कारण घरातली मोठी माणसं खरोखरच सभांना आणि तुरुंगात जात होती. मूल पुस्तकाकडे वळतं ते अशा ओळखीमुळे.

हरबोल्यांसारखेच गायक गोंडांकडेही होते, परधान. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांना हे नाव माहीत आहे. मंडल्याकडचे परधान ‘बाना’ नावाचं तंतुवाद्य वाजवत आपल्या गोंड यजमानांच्या घरी जायचे, बडादेवाला आळवायचे, राजांच्या आणि कुळांच्या कथा गायचे. एका समाजाची सगळी आठवण त्यांच्या गळ्यात होती. ती कागदावर आली, पण तिचा रस्ता वेगळा निघाला.

1932 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून दोन तरुण मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावात राहायला आले. एक इंग्रज, व्हेरियर एल्विन. दुसरे मराठी, शामराव हिवाळे. दोघांनी दवाखाना काढला, शाळा काढल्या आणि पुढे पाटणगढ या गावी मुक्काम हलवला. एल्विनचं नाव जगाला माहीत झालं, हिवाळ्यांचं आपल्याकडेही फारसं कुणी घेत नाही. वास्तविक गावकऱ्यांत मिसळून राहिले, दीर्घकाळ तिथेच काम करत राहिले ते हिवाळे. दोघांनी मिळून मैकल डोंगरातली लोकगीतं 1944 साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी एल्विनचा महाकोशलच्या लोककथांचा संग्रह आला आणि 1946मध्ये हिवाळ्यांनी परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ही मोलाची कामं आहेत. ती झाली नसती तर कितीतरी कथा हरवल्या असत्या. पण हे सगळे ग्रंथ इंग्रजीत, अभ्यासकांसाठी लिहिलेले. ज्या आजोबांनी कथा सांगितली, त्यांच्या नातवाच्या हाती पडावं असं त्यात काही नव्हतं. हरबोल्यांचं गाणं फिरून मुलांकडे आलं. परधानांचं गाणं ग्रंथालयात गेलं आणि तिथेच राहिलं.

त्यात भर पडली भाषेच्या वाटणीची. जबलपूर आणि नागपूर बराच काळ एकाच मध्य प्रांतात होते, कारभार हिंदी आणि मराठीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. हिंदीचं ठरलं, मराठीचं ठरलं. गोंडवनाचं मात्र कुणी विचारलं नाही. चंद्रपूरचं गोंड मूल मराठीतून शिकू लागलं, मंडल्याचं हिंदीतून, आदिलाबादचं तेलुगूतून. एकाच कुळकथेची मुलं तीन भाषांत अक्षर गिरवू लागली आणि त्या तिन्हींपैकी एकही त्यांच्या घरातली नव्हती.

मुलाच्या घरातल्या वस्तूंनी शाळा सुरू होऊ शकते, हे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी करून दाखवलं होतं. 1945मध्ये बोर्डीला आणि 1957पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केलं. पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. मुलं गुरं घेऊन कुरणात जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिचं नावच कुरणशाळा. बालवाडीत हे जमलं. मूल वाचू लागल्यावर त्याच्या हातात द्यायला त्याच्या जगाचं पुस्तक कुठून आणायचं, हा प्रश्न मात्र उरलाच.

या प्रश्नाचं एक उत्तर पुढे पाटणगढमधूनच आलं, हे या कहाणीतलं सगळ्यात सुंदर वळण. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी खेडोपाडी लोककलेच्या शोधात माणसं पाठवली. त्यांना पाटणगढच्या एका भिंतीवरची चित्रं दिसली. ती काढणारा परधान मुलगा होता जनगढसिंह श्याम. त्याने आधी गळ्यात असलेले देव आणि प्राणी कागदावर उतरवले. 1989मध्ये त्याची चित्रं पॅरिसला गेली. 2001 साली जपानमध्ये त्याचा दुर्दैवी अंत झाला, पण तोवर त्याच्यामागून गावातली कितीतरी मंडळी भोपाळला येऊन चितारू लागली होती.

त्यातला एक त्याचा पुतण्या भज्जू श्याम. लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला तो गेला आणि परतल्यावर चेन्नईच्या तारा बुक्सबरोबर त्याने पुस्तक केलं, ‘द लंडन जंगल बुक’, 2004 सालचं. किपलिंगला दिलेलं हे उत्तर आहे, रागाशिवाय आणि भरपूर मिश्कीलपणे दिलेलं. किपलिंगने न राहता या जंगलाचं पुस्तक लिहिलं. भज्जूने लंडनला राहून लंडनचं जंगल केलं. त्याच्या चित्रात बिग बेन कोंबडा होतो, कारण गावात वेळ कोंबडाच सांगतो. आकाशात उडणारं विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती. संध्याकाळी पबकडे निघालेले इंग्रज म्हणजे रात्री बाहेर पडणारी वटवाघळं. 1894 ते 2004, झाली एकशे दहा वर्षं.

2011 साली आणखी एक पुस्तक आलं, नवयान प्रकाशनाचं ‘भीमायन’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जीवन चित्रांतून सांगणारं. चित्रकार आहेत दुर्गाबाई आणि सुभाष व्याम, दोघेही याच गोंड मुलखातले. नऊ-दहा वर्षांचा भीम 1901 साली भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, जात कळताच गाडीवान मिळत नाही, रात्रभर पाणी मिळत नाही. ही आपल्या मातीतली कथा गोंड हातांनी चितारली. नेहमीच्या चित्रकथेच्या चौकटी त्यांनी घेतल्या नाहीत. घराच्या भिंतीवर काढतात त्या ‘दिगना’ नक्षीने त्यांनी पानं विभागली. सौम्य माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आहे, जातीचा विखार असलेलं बोलणं विंचवाच्या नांगीसारखं. ज्यांना पुस्तकात जागा नव्हती, त्यांनी ज्याला पाणी मिळालं नाही त्या मुलाची गोष्ट सांगितली.

अमेरिकेतल्या रुडिन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 साली म्हटलं होतं की मुलांना पुस्तकात आरसाही हवा आणि खिडकीही. स्वतःचं तोंड दिसावं आणि शेजाऱ्याचं घरही दिसावं. गोंड मुलाला ‘भीमायन’मध्ये आपल्या भिंतीवरची नक्षी दिसते, तो आरसा. मसूर स्टेशन दिसतं, ती खिडकी. साताऱ्याच्या मुलाला हेच उलट्या बाजूने दिसतं. आरसा फक्त वंचित मुलांना आणि खिडकी फक्त सुखवस्तू मुलांना, अशी वाटणी करू नये. ज्या मुलाने कायम स्वतःचंच घर पुस्तकात पाहिलं, त्याला खिडकीची गरज जास्त.

मग वर्गात काय करायचं? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत. पण पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, या भीतीने कितीतरी कपाटांना कुलूप असतं. शिक्षक मंडळी ऐकत असतील तर हात जोडून सांगतो, ते कुलूप काढा. फाटलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक असतं. आठवड्यातून निदान दोनदा मोठ्याने वाचून दाखवा आणि वाचल्यावर प्रश्नोत्तरं लिहून घेऊ नका.

मी सांगितलेली पुस्तकं महाग आहेत. एक प्रत घेतली तरी चालते, पुढचं काम मुलं करतात. भज्जूचं कोंबड्याचं चित्र दाखवा आणि विचारा, आपल्या गावचा एसटी स्टँड कोणत्या प्राण्यासारखा? ‘भीमायन’मधले बोलण्याचे फुगे दाखवा आणि विचारा, तुला टोचलेल्या बोलण्याचा आकार कसा काढशील? या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग शांत होईल. होऊ द्या.

आणि तिसरं काम सगळ्यात स्वस्त. मुलांना सांगा, आजीकडून एक गोष्ट ऐकून या. ती आजीच्याच बोलीत लिहा, मग ती गोंडी असो, बुंदेली, वऱ्हाडी, अहिराणी किंवा इंदूर-जबलपूरच्या घरांत बोलली जाणारी हिंदी वळणाची मराठी. पानं सुईदोऱ्याने शिवा, वर आजीचं आणि मुलाचं नाव घाला आणि ते पुस्तक वर्गातल्या मांडणीवर इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवा. 1944 साली जे राहून गेलं ते नेमकं हेच होतं : गोष्ट जिच्याकडून घेतली, तिच्याच घरी परत देणं. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिच्या मुळाशीही हीच मागणी आहे.

तर मंडळी, या आठवड्यात आपल्या जवळच्या शाळेत जाऊन या. कपाट उघडं आहे का, एवढंच पाहा. त्यातल्या एखाद्या पुस्तकात त्या गावच्या मुलांचं घर सापडलं, तर पुस्तकाचं नाव आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.