भोसल्यांच्या तीन गाद्या आणि एक नाव

सातारा, कोल्हापूर आणि तंजावर या भोसले घराण्याच्या तीन गाद्यांच्या वंशावळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर 'शिवाजी' हे नाव धारण केलेले अनेक राजपुरुष त्यांत आढळतात, आणि स्वराज्यसंस्थापकांच्या तेजापुढे ते जवळजवळ सगळेच झाकोळून गेलेले दिसतात. त्यांच्यापैकी कोणाच्या नावावर मोठे विजय नाहीत; तरीही ते नाव त्यांना केव्हा, कोणी आणि कशासाठी दिले हे पाहिले, म्हणजे सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत मराठी राजसत्तेचा हक्क कोणाच्या हाती होता याचा एक वेगळाच आलेख हाती येतो.

मराठा घराण्यांत नाव ठेवण्याची रीत आधी लक्षात घ्यावी लागते. घरातील दिवंगत वडीलधाऱ्याचे, विशेषतः आजोबाचे नाव नातवाला द्यावे आणि त्या रूपाने ते कुळात चालू ठेवावे, असा प्रघात होता. पण वडीलधाऱ्यांची नावे, त्यातही पतीची आणि सासऱ्याची, घरातील स्त्रिया उच्चारत नसत, म्हणून आजोबाचे नाव मिळालेल्या मुलाला हाक मारताना बाबासाहेब, आबासाहेब, बुवासाहेब अशी दुसरी नावे रूढ होत. भोसले कुळातही हेच घडले. शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेची आठवण म्हणून ठेवली गेली अशी बखरींची परंपरा आहे, तर शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजीराजांचे नाव गडावरील शिवाई देवीवरून ठेवले असे सांगतात. राजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडल्यानंतर १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या पुत्रालाही संभाजी हेच नाव मिळाले. गेलेल्या माणसाचे नाव कुळात परत आणण्याच्या रीतीचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागत नाही.

हीच रीत पुढे राजकीय पेचाचे कारण ठरली. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १६८२ मध्ये, संभाजी महाराजांना गांगवली येथे पुत्र झाला आणि त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवण्यात आले. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर हा मुलगा आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेला, आणि छावणीतील अठरा वर्षांत त्याचे मूळ नाव मागे पडून 'शाहू' हे नाव कायम झाले. इकडे गादीवर बसलेल्या राजाराम महाराजांना ताराबाईंपासून १६९६ मध्ये झालेल्या मुलाचे नाव शिवाजी, आणि राजसबाईंपासून १६९८ मध्ये झालेल्या मुलाचे नाव संभाजी ठेवले गेले. वडिलांचे आणि थोरल्या भावाचे नाव आपल्या मुलांना देण्यात राजारामांचा आदरभाव होता यात शंका नाही; परंतु एक शिवाजी शत्रूच्या छावणीत जिवंत असताना दुसरा शिवाजी स्वराज्यात वाढत होता, ही वस्तुस्थिती त्या नामकरणाने निर्माण झाली. १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर निवर्तल्यानंतर ताराबाईंनी चार वर्षांच्या शिवाजीला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने स्वतः औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये बादशहा मरण पावला, शाहूंची सुटका झाली, आणि ताराबाईंच्या पक्षाने आलेला राजपुत्र तोतया असल्याची हाकाटी केली. त्याच वर्षी खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. एकाच आजोबाचे नाव मिळालेले दोन चुलतभाऊ एकाच वारशासाठी समोरासमोर आले होते.

ताराबाईंच्या शिवाजीचे नशीब मात्र करुण आहे. ज्या आईने त्याच्या नावाने पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, तिच्यासह तो १७१४ मध्ये राजसबाई आणि संभाजी यांच्या कैदेत पडला आणि तेथेच त्याचा अंत झाला; स्वतःच्या इच्छेने काही करण्याची संधी त्याला बहुधा कधी मिळालीच नाही. शाहू महाराज १७४९ मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा ताराबाईंनी याच शिवाजीचा गुप्तपणे वाढवलेला मुलगा म्हणून रामराजाला पुढे आणले, आणि पुढल्याच वर्षी बेबनाव होताच तो आपला नातू नसल्याचे जाहीर करून त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवले.

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही राज्ये रीतसर वेगळी झाली. त्यानंतर साताऱ्याच्या गादीवर शाहू, प्रतापसिंह, शहाजी ही नावे येतात, शिवाजी हे नाव येत नाही. कोल्हापूरने मात्र ते पुन्हा पुन्हा दिले, आणि यामागे धाकट्या गादीची आपला वारसा मूळ पुरुषाशी जोडण्याची निकड होती असे मानण्यास जागा आहे. १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजी महाराज वारले, त्यांना पुत्र नव्हता, आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांनी ते राज्य साताऱ्यात विलीन करण्याचा प्रयत्न केला. राणी जिजाबाईंनी तो मानला नाही. दोन वर्षांनी, थोरल्या माधवरावांच्या काळात, त्यांनी खानवटकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेतला आणि त्याला शिवाजी हे नाव दिले. दत्तविधानात, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला धर्मविधीने आपल्या कुळात घेण्याच्या संस्कारात, मुलाचे जन्मनाव बदलण्याची राजघराण्यांत प्रथा होती, त्यामुळे येथे नाव हा केवळ आदर उरला नाही, तर राज्य स्वतंत्र असल्याची घोषणाच झाली. १७७३ मध्ये जिजाबाई निवर्तेपर्यंत कारभार त्यांच्या हाती होता, आणि हे शिवाजी महाराज त्यानंतर थेट १८१३ पर्यंत राज्य करत राहिले. पटवर्धन आणि सावंतवाडीकर यांच्याशी दीर्घ झगडे करून अखेरीस १८१२ मध्ये त्यांना इंग्रजांशी तह करावा लागला. कोल्हापूरच्या सर्व शिवाजींमध्ये दीर्घकाळ खराखुरा राज्यकारभार केलेले हे एकच, आणि त्यांच्यावर झालेले लेखन त्या मानाने फारच अपुरे आहे.

तंजावरची गोष्ट निराळी. तेथील गादीचे संस्थापक व्यंकोजी हे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू, आणि दोघांत वारशाच्या वाटणीवरून संघर्ष झालेला. त्यांच्या वंशात शहाजी, सरफोजी, तुकोजी अशी नावे चालत आली, परंतु दीडशे वर्षे शिवाजी नावाचा राजा त्या गादीवर बसला नाही. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि आपल्या पुत्राचे नाव शिवाजी ठेवले. १७९९ च्या तहाने राज्य गेले होते, किल्ला आणि मानमरातब एवढेच उरले होते, अशा वेळी विद्याव्यासंगी राजाने कुळाच्या इतिहासाकडे वळावे हे समजण्याजोगे आहे. हे शिवाजी १८३२ मध्ये गादीवर आले आणि १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने तंजावरची गादी खालसा केली, म्हणजे वारस नाही या सबबीवर ती संपुष्टात आणली. राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी दावा लावला आणि मद्रासच्या न्यायालयात तो जिंकलाही, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे असा निर्णय दिला.

कोल्हापुरात १८३८ मध्ये बाबासाहेब म्हणून ओळखले जाणारे शिवाजी महाराज अल्पवयात गादीवर आले. 'दिवाणसाहेब' या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या आत्याबाईंच्या हातून कारभार इंग्रजांनी काढून घेतला, आणि १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे वंशपरंपरेने किल्ले राखणाऱ्या शिबंदीने, सामानगड आणि भुदरगड येथून बंड पुकारले. १८५७ मध्ये कोल्हापुरातील पलटण उठली आणि महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला हद्दपार करण्यात आले. १८६२ मध्ये राज्यकारभार महाराजांकडे परत आला, त्याबरोबर दत्तक घेण्याचा अधिकारही मान्य झाला. चार वर्षांत ते निवर्तले.

या मालिकेतील सर्वांत वेदनादायक प्रकरण त्यानंतरचे आहे. दत्तक वारस राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले, आणि १८७१ मध्ये भोसले कुळातील नारायणराव या आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन शिवाजी हे नाव देण्यात आले. शिक्षण, सोबती, दिनक्रम, सारे काही ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते, आणि पुढे महाराजांना वेड लागल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र अस्वस्थ झाला. 'केसरी' आणि 'मराठा' या नव्या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर प्रखर टीका केली, परंतु बर्व्यांच्या नावावरची जी पत्रे आधाराला घेतली ती न्यायालयात बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. पुरावा खोटा निघाला म्हणून संपादकांची तळमळ खोटी ठरत नाही. महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. राजाला राज्यापासून, माणसांपासून आणि अखेर जिवापासून तोडणाऱ्या त्या व्यवस्थेची जबाबदारी एका शिपायावर टाकून मोकळे होता येत नाही.

त्यांच्यामागे १८८४ मध्ये दत्तक आलेल्या कागलच्या यशवंतराव घाटगे यांना शिवाजी न म्हणता शाहू हे नाव दिले गेले. राजर्षी शाहूंनी मात्र आपल्या पुत्रांची नावे राजाराम आणि शिवाजी अशीच ठेवली. त्यांतील प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये शिकारीतील अपघातात दगावले, आणि त्यांच्या बालविधवा पत्नी इंदुमतीदेवींना शाहूंनी विरोध पत्करून शिकवले. १९४० मध्ये राजाराम महाराज पुत्राविना वारल्यावर पुन्हा एक बालक दत्तक घेण्यात आले, पुन्हा त्याला शिवाजी हेच नाव मिळाले, आणि १९४६ मध्ये ते बालक पाच वर्षांचे होण्याआधीच वारले. ताराबाईंच्या पुत्रापासून या बालकापर्यंत कोल्हापूरच्या गादीवर बसलेले सर्व शिवाजी अल्पवयातच राजे झाले, आणि त्यांच्या नावाने आधी राजस्त्रियांनी, नंतर ब्रिटिश पोलिटिकल एजंटांनी, म्हणजे दरबारात नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधींनी, राज्य चालवले.

विसाव्या शतकात हे नाव राजवाड्यांतून बाहेर पडले. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत यांच्या पिढीत ते सर्व थरांतील घरांत दिसते. तमिळ रंगभूमीवर अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजीची भूमिका केलेल्या गणेशन यांना पेरियार यांनी ते बहाल केले, आणि बंगळुरूच्या मराठी कुटुंबात १९५० मध्ये जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड या मुलाला जग रजनीकांत म्हणून ओळखते.

अभ्यासकांना अडचण होते ती या राजांच्या क्रमांकांची. ताराबाईंच्या पुत्राला एका ग्रंथात दुसरा शिवाजी म्हटलेले असते, तर केवळ कोल्हापूरच्या गादीपासून मोजणाऱ्या ग्रंथात तोच पहिला ठरतो, आणि पुढचे सर्व आकडे त्यानुसार सरकतात. हे आकडे इतिहासकारांनी सोयीसाठी लावलेले आहेत. त्या राजांच्या मुद्रांवर ते नाहीत. म्हणून या घराण्यावर लिहिणाऱ्यांनी क्रमांकावर न विसंबता प्रत्येक शिवाजीच्या नावापुढे त्याची गादी आणि कारकिर्दीची वर्षे न चुकता द्यावीत.