कबिला आणण्याची मुभा : सातारा व सांगली प्रांतांतील कांहीं दाखले

मराठी दफ्तरांत ‘कबिला’ हा शब्द पदोपदीं आढळतो. बायकामुलें, वृद्ध माता, विधवा भावजय, पोरका पुतण्या आणि घरचीं म्हणून सांभाळलेलीं माणसें, एवढा सर्व परिवार त्या एका शब्दांत सामावतो. पुरुष चाकरीसाठीं, आश्रयासाठीं किंवा जीव वांचविण्यासाठीं एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेला म्हणजे त्याचा कबिला मागाहून तेथें कसा जावयाचा, त्यास परवानगी कोणी द्यावयाची, आणि परवानगीच्या बदल्यांत कोणी काय लिहून द्यावयाचें, हा प्रश्न आजकालचा नव्हे. परदेशीं स्थायिक झालेल्या मुलामुलींस आपल्या आईबापांस तिकडे नेण्याकरितां हल्लीं जीं कागदपत्रें करावीं लागतात, त्यांचे पूर्वज आपल्या जुन्या रुमालांतच सांपडतात. त्यांतील कांहीं दाखले सातारा व सांगली या दोन संस्थानांच्या इतिहासांतून घेऊन पुढें मांडीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जुन्या काळीं नुसत्या नात्यानें कबिला आणण्याचा हक्क उत्पन्न होत नसे; तो जामिनानें उत्पन्न होत असे. नातें हा अर्जाचा आधार. निकाल लागे तो जामिनाची पत पाहून.

या व्यवहाराचे कागद मुख्यतः तीन प्रकारचे होत. पहिला कौल, म्हणजे ज्या राज्यांत जावयाचें त्या राज्याचें अभयवचन. दुसरा जामीनकतबा, म्हणजे येणाऱ्याबद्दल तेथील एखाद्या पतदार माणसानें पत्करलेली जबाबदारी. जामिनांतही भेद असत: माणूस बोलावतांच हजर करीन म्हणणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी घेणारा तो मालजामीन, आणि वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन. तिसरा कागद दस्तक अथवा राहदारी. वाटेंतील चौक्यापहाऱ्यांनीं अडथळा करूं नये म्हणून दिलेला परवाना. हे तीन कागद जुळले म्हणजे कबिला सुखरूप पोंचे. एक कमी पडला कीं वर्षेंच्या वर्षें खोळंबा होई. सर्वांत मोठा खोळंबा साताऱ्याच्या राजघराण्यासच सोसावा लागला.

इ. स. १६८९ मध्यें रायगड मोंगलांच्या हातीं पडला व येसूबाईसाहेब आपले पुत्र शाहू यांसह बादशाही छावणींत गेल्या. पुढें अठरा वर्षें हा परिवार औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत होता. १७०७ च्या आरंभीं बादशहा वारला. त्याचा पुत्र आज्जमशहा तख्तासाठीं उत्तरेकडे निघाला असतां त्याच सालच्या मे महिन्यांत माळव्यांत शाहूमहाराजांस मोकळीक मिळाली. परंतु मोकळीक मिळाली ती एकट्यास. मातुश्री येसूबाई, राणीवसा व बंधु मदनसिंग यांस मागें ठेवून घेण्यांत आलें, आणि पुढें तीं सर्व मंडळी दिल्लीस गेली. याचा अर्थ दफ्तराच्या भाषेंत सांगावयाचा तर मातुश्री ह्याच पुत्राच्या फैलजामीन झाल्या. महाराजांनीं बादशाहीशीं बिघाड करूं नये एवढ्यासाठीं त्यांचा कबिला तारण राहिला.

या वियोगाचा एक परिणाम इतिहासकारांनीं जितका लक्षांत घ्यावा तितका घेतलेला दिसत नाहीं. महाराज दक्षिणेंत उतरतांच ताराबाईसाहेबांनीं, हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असा पक्ष उचलला. सात वर्षांचें मूल छावणींत गेलें आणि पंचवीस वर्षांचा पुरुष बाहेर आला. त्यास ओळखणार कोण? ज्यांची साक्ष निर्णायक ठरली असती त्या मातुश्री तर बादशाही पहाऱ्यांत होत्या. तेव्हां परसोजी भोसल्यांनीं महाराजांच्या ताटांत जेवून शंका फेडली असें बखरींतून सांगितलेलें आहे. या कथेचा तपशील ज्यास जसा मानावयाचा तसा त्यानें मानावा; परंतु तींतील कायदा खरा आहे. जेथें लेखी पुरावा नाहीं तेथें पंक्तिव्यवहार हाच नात्याचा पुरावा, आणि जो पंक्तीस घेतो तोच जामीन. खेडच्या लढाईनंतर महाराजांनीं सातारा घेतला व ता. १२ जानेवारी १७०८ रोजीं तेथें त्यांस राज्याभिषेक झाला. राज्य मिळालें, कबिला मिळावयास आणखी अकरा वर्षें लागलीं.

इतका काळ कां लागला? बहादूरशहानें १७०९ सालीं सरदेशमुखीच्या प्रश्नांत शाहू व ताराबाई या दोघांसही झुलवत ठेवलें. ज्याची सत्ता टिकेल त्याशीं बोलूं, असें त्याचें धोरण होतें. अशा स्थितींत हातचें तारण कोण सोडील? पुढें १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाई मिळाली व घर सांवरलें. इकडे दिल्लींत सय्यदबंधु व बादशहा फर्रुखसियर यांचें फाटलें, आणि दक्षिणचा सुभेदार सय्यद हुसेनअली यास मराठ्यांच्या मदतीची गरज पडली. राजाराममहाराजांच्या वेळचे सचिव शंकराजी मल्हार हे त्या वेळीं हुसेनअलीच्या पदरीं होते. त्यांच्या मध्यस्थीनें १७१८ सालीं तह ठरला. शिवछत्रपतींच्या वेळचें स्वराज्य, दक्षिणच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी हीं मराठ्यांस मिळावीं. त्याबद्दल मराठ्यांनीं पंधरा हजार स्वारांनिशीं चाकरी करावी, दहा लक्ष रुपये पेशकश द्यावी आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांस उपद्रव देऊं नये. आणि महाराजांच्या मातुश्री व परिवार दिल्लीहून परत पाठवावा, अशीं त्यांतील ठळक कलमें होतीं.

या तहाचें विवेचन करितांना बहुतेक लेखक चौथाई-सरदेशमुखीवर पानेंच्या पानें खर्च करितात आणि मातुश्रींचें कलम शेवटच्या ओळींत उरकतात. आमच्या मतें या कलमाचें वजन त्याहून फार अधिक आहे. चौथाई मराठे सनदेवांचूनही वसूल करीतच होते. सनदेनें त्या वसुलास कायदेशीरपणा आला इतकेंच. परंतु दिल्लीच्या पहाऱ्यांतील माणसें घोड्यांच्या टापांखालीं आणतां येत नव्हतीं. शिवाय तहांतील इतर देणीं-घेणीं हप्त्यानें चालतात. कबिल्याचें कलम हप्त्यानें चालत नाहीं. तें एक तर पुरें होतें किंवा होत नाहीं. आणि पंधरा हजार स्वारांच्या चाकरीचें कलम त्याशेजारीं ठेवून वाचावें म्हणजे व्यवहार स्पष्ट होतो: जुना जामीन सोडवावयाचा तर त्याच्या जागीं नवा जामीन उभा करावा लागतो. मातुश्रींच्या जागीं फौजेची हमी आली.

फर्रुखसियरानें हा तह मान्य केला नाहीं. तेव्हां बाळाजी विश्वनाथ, सेनापति खंडेराव दाभाडे, तरुण बाजीराव इत्यादि मंडळी हुसेनअलीबरोबर दिल्लीस गेली. १७१९ च्या फेब्रुवारींत बादशहा पदच्युत झाला. त्या वेळच्या दंग्यांत संताजी भोसले व बाळाजी महादेव भानु, म्हणजे नाना फडणविसांचे आजे, यांसह शेंकडों मराठे कापले गेले. मार्चमध्यें नव्या बादशहाच्या नांवें सनदा झाल्या, येसूबाईसाहेब व इतर परिवार पेशव्यांच्या स्वाधीन झाला, आणि जुलै १७१९ मध्यें ही मंडळी साताऱ्यास पोंचली. रायगड सोडल्यास तीस वर्षें झालीं होतीं. सनदा मोंगली मोहरांच्या होत्या व पुढें त्यांचे अर्थ नाना प्रकारें लावले गेले. परंतु पालखींतून उतरलेल्या मातुश्रींविषयीं कोणास अर्थ लावण्याची गरज राहिली नाहीं. पुढील आयुष्य त्यांनीं साताऱ्यासच काढलें. संगम माहुली येथें त्यांची समाधि दाखवितात.

हा अनुभव महाराजांच्या राजनीतींत उतरला कीं काय, हें पाहण्यास वारणेचें प्रकरण उपयोगी आहे. १७३० सालीं सातारकरांच्या फौजेनें कोल्हापूरच्या संभाजीराजांचा तळ लुटला, तेव्हां ताराबाई, राजसबाई व संभाजीराजांची पत्नी जिजाबाई ह्या हातीं लागल्या. राजाची आई व बायको तारण ठेवण्याची ही आयती संधि होती. मोंगलांनीं तर अशीच रीति घालून दिली होती. महाराजांनीं राजसबाई व जिजाबाई यांस सन्मानानें परत पाठविलें. ताराबाई १७१४ पासून पन्हाळ्यास कैदेंत होत्या. त्यांनीं साताऱ्यास राहणें पसंत केलें. त्यांचें तेथील राहणेंही नजरेखालींच होतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. पुढें फेब्रुवारी १७३१ मध्यें कऱ्हाडजवळ जखिणवाडीस दोघां बंधूंची भेट झाली व ता. १३ एप्रिल रोजीं वारणेचा तह झाला. वारणा व कृष्णा यांच्या दक्षिणेकडील मुलूख संभाजीराजांचा ठरला, आणि एकाकडील चाकर दुसऱ्यानें ठेवूं नयेत असेंही कलम घातलें गेलें. या कलमाचा परिणाम सामान्य माणसांवर काय झाला असेल याचा विचार व्हावा. आज सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांमधून वाहणारी वारणा तेव्हां दोन राज्यांची सीमा बनली. एका काठचा शिलेदार दुसऱ्या काठीं चाकरी धरूं पाहे तर त्याच्या पुढें आतां तहच आडवा येई. राण्या सन्मानानें नदीपार जाऊं शकल्या; गरिबास मात्र जामीन शोधणें प्राप्त झालें.

आतां सांगलीकडे वळूं. येथील कथा उलट्या प्रकारची आहे. येथें कबिला अडकवून ठेवण्याचा नव्हे, तर बोलावून वसविण्याचा प्रयत्न दिसतो. पटवर्धनांचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीकडील कोतवड्याचे. इचलकरंजीकर नारो महादेव घोरपडे यांचें उपाध्येपण त्यांस मिळालें व ते घांट चढून देशावर आले. नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव यांस बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई दिलेली. त्या संबंधामुळें हरभटांच्या मुलांस पेशव्यांच्या चाकरीचा दरवाजा उघडला. गोविंद हरि, रामचंद्र हरि व त्रिंबक हरि हे बंधु चढत गेले, आणि थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत मिरज प्रांतीं त्यांस मोठा सरंजाम मिळाला. एकानें पाय रोवावा, त्यानें दुसऱ्याची शिफारस करावी, आणि वरच्या आप्तानें त्या शिफारशीस वजन द्यावें, ही सांखळी येथें स्वच्छ दिसते. कोंकणांतून देशावर आलेल्या कित्येक घराण्यांचा इतिहास याच सांखळीचा आहे.

इ. स. १८०१ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब यांनीं चुलते गंगाधरराव यांजपासून विभक्त होऊन मिरज सोडली व कृष्णाकांठच्या सांगलीस राजधानी केली. गणेशदुर्ग व गणपतीचें देवालय हीं त्या नव्या वसाहतीचीं मुख्य चिन्हें. नवी राजधानी नुसत्या तटानें होत नाहीं. तीस कुळें लागतात. अशा प्रसंगीं मराठी राज्यांत जो प्रघात असे तो वाचकांस परिचित आहेच. पेठ वसविणारास शेटेपण किंवा महाजनकी वतन करून द्यावी. येणाऱ्या उदम्यास कांहीं वर्षें पट्ट्यांची माफी द्यावी. पडीत जमीन करणाऱ्यास इस्ताव्यानें द्यावी, म्हणजे पहिल्या वर्षीं सारा माफ किंवा नाममात्र, आणि पुढें वर्षास चढता. या कौलांतील सवलत एकट्या फिरत्या माणसाकरितां नसे. मुदत अनेक वर्षांची असल्यामुळें जो कबिल्यासह येऊन घर बांधील त्यासच ती पुरी लाभे. शेट्यास वतन मिळे तें तरी कशाबद्दल? त्यानें आणलेल्या कुळांबद्दल तो सरकारचा जामीन होई म्हणूनच.

दोनही बाजूंचे दाखले एकत्र ठेविले असतां चार नियम निघतात. पहिला, नात्याचा पुरावा येणाऱ्यानें द्यावा, आणि तो ज्ञातिबांधवांच्या किंवा पतदारांच्या तोंडून यावा. दुसरा, त्याबद्दल आंतील माणूस जामीन असावा. तिसरा, वाटेचा परवाना स्वतंत्र घ्यावा. चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, राज्यास माणसें हवीं असलीं तर पहिले तीन नियम सैल होतात. राज्यास भीति असली तर तेच नियम कबिल्यास ओलीस बनवितात.

हल्लींच्या परराष्ट्रांचे कायदे पाहिले तर शब्द बदलले आहेत, सांगाडा तोच आहे. अमेरिकेंत १९६५ च्या कायद्यानें देशवार वांटणी मोडून आप्तसंबंधास प्राधान्य दिलें. नागरिकाचे पतिपत्नी, अज्ञान अविवाहित मुलें व आईबाप यांस संख्येची मर्यादा ठेविली नाहीं. परंतु बोलावणारानें निर्वाहाचें प्रतिज्ञापत्र लिहून द्यावें लागतें, आणि त्याचें उत्पन्न सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सामान्यतः सव्वापट तरी असावें लागतें. १९९६ च्या कायद्यापासून हें प्रतिज्ञापत्र न्यायालयांत बजावतां येतें. कॅनडांत आईबापांस नेणाऱ्या अपत्यास, क्वेबेक प्रांत वगळतां, वीस वर्षें त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी पत्करावी लागते. आपल्या दफ्तरी भाषेंत हा शुद्ध मालजामिनाचा कतबा होय. आणि जन्माचा दाखला नसलेल्या वृद्ध मातेबद्दल गांवच्या जाणत्या माणसांचीं प्रतिज्ञापत्रें जोडण्याची वेळ येते, तेव्हां परसोजी भोसल्यांच्या ताटाची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

यावरून संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. जुना रुमाल हातीं आला कीं आपण सनदा, तहनामे व मोहरांचीं पत्रें प्रथम वेगळीं काढितों. दस्तकें, राहदाऱ्या व जामीनकतबे यांच्या चिटोऱ्या किरकोळ म्हणून तळाशीं राहतात व वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडतात. राजांचा कबिला तहाच्या कलमांत शिरतो, म्हणून तो इतिहासास ठाऊक होतो. सामान्य घराण्यांचा कबिला केव्हां, कोठून, कोणाच्या भरंवशावर आला, हें सांगणारा कागद या चिटोऱ्यांवांचून दुसरा नाहीं. त्यांवरील जामिनाचें नांव, त्याचा गांव व त्याचें येणाऱ्याशीं नातें एवढीं तीन सदरें जरी प्रत्येकानें आपल्या संग्रहापुरतीं उतरून ठेविलीं, तरी वारणेच्या दोनही कांठांवरील घराण्यांच्या स्थलांतराचा इतिहास आज आहे त्याहून पुष्कळ स्पष्ट दिसूं लागेल.