बिल्ला धुळीत पडला, की पायाखाली गेला?

'हाय नून' (१९५२) या चित्रपटाचा शेवट अवघ्या मिनिटभराचा आहे. चार गुंड मरून पडले आहेत. इतका वेळ दारे-खिडक्या लावून बसलेले गावकरी हळूहळू रस्त्यावर जमतात. मार्शल विल केन त्यांच्याकडे एकदा पाहतो, छातीवरचा पत्र्याचा तारा काढतो, धुळीत टाकतो आणि बायकोसह घोडागाडीत बसून निघून जातो. कोणी काही बोलत नाही.

१९७१ साली 'प्लेबॉय' मासिकाच्या मुलाखतीत जॉन वेन याने हा शेवट वेगळा सांगितला. त्याच्या आठवणीतला केन बिल्ला नुसता टाकत नाही, तो पायाखाली तुडवतो. म्हणून वेनच्या मते हा चित्रपट अमेरिकेच्या अत्यंत विरोधातला होता. प्रत्यक्षात पडद्यावर कोणीही बिल्ल्यावर पाय देत नाही. असे असूनही वेस्टर्नपटांचा तो सम्राट, हयात ज्याने घोड्यावर आणि बंदुकीच्या सावलीत काढली, तो जे घडलेच नाही ते पाहिल्याचे खात्रीने सांगत होता.

ही निव्वळ विसराळूपणाची गोष्ट नाही. वेस्टर्नपटांचे चाहते गेली सत्तर वर्षे ज्या एका वादावर हमखास घसरतात, त्याचे मूळ या न पडलेल्या पावलात आहे. वाद असा : 'हाय नून' श्रेष्ठ, की त्याला उत्तर म्हणून काढलेला 'रिओ ब्राव्हो' (१९५९)? वरवर पाहता ही दोन चित्रपटांची तुलना वाटते. खोलात गेले की तिथे एक जुना प्रश्न उभा असतो. संकटाच्या वेळी माणसाने गावाकडे मदत मागावी का, आणि गावाने ती दिली नाही तर त्या गावाला काय म्हणावे?

मित्रांचे संवाद

'हाय नून'ची कथा साधी आहे. जॉन कनिंगहॅमची 'द टिन स्टार' ही लघुकथा १९४७ साली 'कॉलियर्स' साप्ताहिकात आली होती, तिचा आधार पटकथाकार कार्ल फोरमन याने घेतला. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन सकाळी लग्न करतो आणि नोकरी सोडतो. तेवढ्यात तार येते : आपण तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट पाहत बसले आहेत. गाव सोडून निघालेला केन परत फिरतो आणि सोबतीला माणसे शोधू लागतो. चित्रपट ८५ मिनिटांचा आहे आणि गोष्टीतला वेळही जवळजवळ तितकाच. भिंतीवरची घड्याळे पुन्हा पुन्हा दिसतात आणि प्रत्येक वेळी केन एका नव्या दारातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला असतो.

न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज उतरवून सामान बांधतो. जवळचा मित्र घरात असूनही बायकोकरवी 'घरात नाहीत' असा निरोप देतो. हॉटेलच्या कारकुनाला तर मिलरच्या काळातली बरकतच आठवते. चर्चमध्ये मोठी चर्चा झडते. महापौर केनची तोंडभर स्तुती करतो आणि शेवटी सुचवतो की गावात गोळीबार झाला तर बाहेरचे भांडवल येणार नाही, तेव्हा केनने निघून गेलेलेच बरे. मदतीला तयार असतात ते फक्त एक पोरगा आणि एक एकाक्ष दारुडा.

हे संवाद फोरमनला शोधावे लागले नाहीत. सप्टेंबर १९५१ मध्ये चित्रीकरण चालू असतानाच त्याला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या 'अ-अमेरिकी कारवाया' चौकशी समितीपुढे हजर व्हावे लागले. तो पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता आणि ते त्याने केव्हाच सोडले होते. समितीला मात्र इतरांची नावे हवी होती. फोरमनने ती दिली नाहीत. नावे न देणाऱ्याला हॉलिवूडमध्ये काम मिळत नसे. त्याला अलिखित काळ्या यादीत टाकले जाई. फोरमनचा भागीदार आणि या चित्रपटाचा निर्माता स्टॅन्ली क्रेमर याने त्याच्याशी व्यावसायिक संबंध तोडले. ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले. त्या दिवसांत मित्रांनी तोंडावर दिलेल्या सबबी आपण पटकथेत घातल्या, असे फोरमनने पुढे सांगितले आहे. १९५२ साली तो इंग्लंडला गेला. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची पटकथा मायकेल विल्सनसह त्याने लिहिली, पण दोघेही काळ्या यादीत असल्याने पडद्यावर नाव लागले नाही. त्या पटकथेचे ऑस्कर त्या दोघांच्या नावे झाले ते मरणोत्तर.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. केनची भूमिका करणारा गॅरी कूपर डावा नव्हता. उलट १९४७ साली याच समितीपुढे तो समितीला अनुकूल साक्षीदार म्हणून गेला होता. तरी चित्रीकरणाच्या काळात तो फोरमनच्या पाठीशी उभा राहिला. त्याच्या नव्या कंपनीत पैसे घालण्याचीही त्याची तयारी होती. दबाव वाढला तेव्हा मात्र त्याने अंग काढून घेतले. पडद्यावर केनला गावात जे भेटले, त्यातले थोडेसे पडद्यामागे कूपरकडूनही घडले. फोरमनने त्याबद्दल कूपरला दोष दिला नाही.

दिग्दर्शक फ्रेड झिनेमन या राजकीय अर्थाबाबत फारसा उत्साही नव्हता. त्याच्या लेखी ही सदसद्विवेकाची गोष्ट होती. ऑस्ट्रियात वाढलेला हा ज्यू दिग्दर्शक तरुणपणीच अमेरिकेत आला. त्याचे आईवडील नाझींच्या वंशसंहारात बळी पडले. शेजारी दारे लावून घेतात तेव्हा काय होते हे कळायला त्याला कोणत्याही समितीची गरज नव्हती. दोघांनी आपापल्या जखमेतून एकच चित्रपट केला, म्हणूनच कदाचित तो एकाच अर्थात मावत नाही.

हॉक्सचे उत्तर

मार्च १९५३ मध्ये कूपरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तो समारंभाला हजर नव्हता, म्हणून त्याच्या वतीने पुतळा घेतला तो जॉन वेनने. ही भूमिका मला का मिळाली नाही, याचा जाब आता माझ्या एजंटला विचारतो, अशी गंमतही त्याने मंचावर केली. त्या वेळी वेन हॉलिवूडमधल्या कडव्या कम्युनिस्टविरोधी संघटनेच्या नेतृत्वात होता. १९७१ च्या मुलाखतीत, फोरमनला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचा कधीही पश्चात्ताप होणार नाही, असे त्याने सांगितले.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा आक्षेप राजकारणापेक्षा व्यवसायाचा होता. त्याचे म्हणणे, चांगला शेरीफ गावभर मदत मागत फिरत नाही. ज्याचे काम त्यानेच करावे. समोरचा पुरेसा तयारीचा असेल तर त्याला बरोबर घ्यावे, नसेल तर घरी पाठवावे. 'रिओ ब्राव्हो'त वेनने केलेला शेरीफ जॉन चान्स नेमका असा वागतो. तुरुंगात एक खुनी आहे आणि त्याचा धनाढ्य भाऊ भाडोत्री बंदूकवाले घेऊन गावाला वेढून बसला आहे. जुना मित्र माणसे देऊ करतो. चान्स नाही म्हणतो : बायकापोरांच्या काळजीत असलेली हौशी माणसे शत्रूला आयतेच लक्ष्य ठरतील. त्याच्या बाजूला उरतात एक लंगडा म्हातारा, एक दारूत बुडालेला जुना सहकारी आणि एक कोवळा पोरगा.

फ्रान्समधल्या तरुण समीक्षकांनी हॉक्सला डोक्यावर घेतले. त्यांचे ज्येष्ठ आंद्रे बाझँ यांनी 'हाय नून' आणि 'शेन'सारख्या चित्रपटांसाठी 'सुरवेस्टर्न' असा शब्द घडवला. केवळ वेस्टर्न असण्याची ज्यांना लाज वाटते आणि म्हणून जे बाहेरून एखादा सामाजिक वा नैतिक आशय आणून स्वतःचे समर्थन करतात, ते चित्रपट, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत रॉबर्ट वॉरशॉ यांनी १९५४ च्या निबंधात 'हाय नून'मध्ये सामान्य जनतेविषयीची तुच्छता पाहिली. इंग्रज समीक्षक रॉबिन वूड यांनी १९६८ च्या हॉक्सवरील पुस्तकात तर असे म्हटले, की हॉलिवूडच्या अस्तित्वाचे समर्थन एकाच चित्रपटाने करायचे असेल तर आपण 'रिओ ब्राव्हो' निवडू.

आज दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर एक गंमत ध्यानात येते. मदत न मागणारा चान्स जवळजवळ प्रत्येक प्रसंगात दुसऱ्यामुळे वाचतो. पोरगा बंदूक फेकतो, ती नेमकी त्याच्या हातात पडते. एक तरुणी खिडकीतून कुंडी फेकून शत्रूचे लक्ष वेधते. नको म्हणून सांगितलेला म्हातारा शेवटच्या लढाईत सुरुंगाच्या कांड्यांसह हजर होतो. आणि दारोदार फिरलेल्या केनला मदत मिळते ती ज्या एकाच माणसाकडे त्याने ती मागितली नाही त्याच्याकडून, शांततावादी क्वेकर पंथाच्या त्याच्या नवपरिणीत बायकोकडून. दोन्ही चित्रपटांना माणसाला माणूस लागतो हे मान्य आहे. मतभेद आहे तो गावाबद्दल. हॉक्सचा चित्रपट गावाची परीक्षाच घेत नाही. फोरमनचा घेतो आणि गाव नापास होते. वेनला लागले ते हेच.

शत्रूच्या भिंतीवर

अमेरिकाविरोधी ठरवलेल्या या चित्रपटाचा पुढचा प्रवास वेनला बुचकळ्यात टाकणारा ठरला असता. ४ जून १९८९ रोजी कम्युनिस्ट पोलंडमध्ये अंशतः मुक्त निवडणूक झाली. मतदानाच्या दिवशी सॉलिडॅरिटीच्या बाजूने भिंतींवर एक पोस्टर झळकले. तोमाश सार्नेत्स्की या तरुणाने केलेल्या त्या पोस्टरवर विल केन चालत येतो आहे; छातीवर ताऱ्याच्या वर सॉलिडॅरिटीचे चिन्ह आहे आणि हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. एका माजी कम्युनिस्टाने लिहिलेला, कम्युनिस्टविरोधकांनी झोडपलेला नायक कम्युनिस्ट राजवट घालवायला निघाला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत 'हाय नून'चा समावेश झाला. 'रिओ ब्राव्हो' त्या यादीत आला २०१४ मध्ये.

नंतरच्या वेस्टर्नपटांनाही या वादातून सुटता आले नाही. क्लिंट ईस्टवूडच्या 'हाय प्लेन्स ड्रिफ्टर'मधले (१९७३) गाव तर मार्शलला चाबकाने मारले जात असताना बघत उभे राहिलेले असते. पश्चिम वसवणारी माणसे अशी नव्हती, अशा आशयाचे नाराजीचे पत्र वेनने आपल्याला पाठवले, असे ईस्टवूडने सांगितले आहे. दुसऱ्या बाजूला जॉन कार्पेंटरने 'रिओ ब्राव्हो'चा सांगाडा घेऊन शहरी 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' (१९७६) केला आणि संकलक म्हणून स्वतःचे नाव लावले 'जॉन टी. चान्स'. एचबीओच्या 'डेडवूड' (२००४–०६) मालिकेत प्रश्न आणखी मागे जातो. बिल्ला दुसरीकडे ठेवून, दुकान टाकायला आलेल्या सेथ बुलकला तो पुन्हा का लावावासा वाटतो? जिथे अजून गावच बनलेले नाही, तिथे गावाने साथ दिली नाही अशी तक्रार कोणाकडे करायची?

रामगढची सभा

या वादाचे एक उत्तर आपल्याकडेही दिले गेले आहे, मात्र त्याकडे उत्तर म्हणून क्वचितच पाहिले जाते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीत प्रदर्शित झालेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. त्यावरचा वेस्टर्नचा प्रभाव सर्वांना ठाऊक आहे. चर्चा बहुधा सर्जिओ लिओनी आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन'पाशी थांबते. पण इमामसाहेबांचा मुलगा अहमद मारला जातो त्यानंतरचा प्रसंग आठवावा. गावकरी जमतात. वीरू आणि जय यांचा भार आता सोसवत नाही, असे बोलले जाते. हॅडलीव्हिलच्या चर्चमधलीच ही सभा, तीच भीती, तोच व्यवहारी हिशेब. फरक एवढाच, की इथे ज्याचा मुलगा गेला तो आंधळा म्हातारा उठून बोलतो आणि गाव शरमेने मान खाली घालते. सलीम-जावेद यांच्या डोक्यात तेव्हा 'हाय नून' होता की नव्हता, याला फारसे महत्त्व नाही. चर्चमध्ये कमी पडलेला एक आवाज रामगढच्या सभेत उमटला, हे महत्त्वाचे.

मात्र त्या आवाजाची किंमत आधीच चुकती झालेली होती. ज्याच्याकडून घेण्यासारखे काही उरले नव्हते, तोच निर्भय बोलू शकला. हॅडलीव्हिलच्या महापौराकडे गमावण्यासारखे पुष्कळ होते. प्रेक्षक म्हणून आपण सहज केनच्या किंवा इमामसाहेबांच्या जागी बसतो. खरे तर आपल्यातल्या बहुतेकांची जागा चर्चच्या बाकांवर आहे, आणि फोरमनने ते बाक अत्यंत काळजीने भरले होते. तिथे दुष्ट एकही नाही. प्रत्येकाकडे कारण आहे आणि प्रत्येक कारण ऐकताना आपल्यालाही थोडेसे पटते.

वेनला बिल्ला पायाखाली दिसला, कारण त्याच्या लेखी गावाकडे पाठ फिरवणे म्हणजे देश तुडवणे होते. सार्नेत्स्कीला त्याच बिल्ल्यावर आपले चिन्ह लावावेसे वाटले. पडद्यावर तो तारा नुसता धुळीत पडलेला आहे आणि भोवती गाव उभे आहे. तो उचलायला कोणी वाकते का, हे कॅमेरा दाखवत नाही.