ठिगळ आधी, घाव नंतर : घरगुती संगणकातील मालवेअरचा इतिहास

१/९
महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याच्या अवघ्या पाच दिवस आधी, २६ एप्रिलला, दक्षिण कोरिया व तुर्कस्तानपासून भारतापर्यंत असंख्य संगणक एकाएकी मृतवत झाले. कारण होते जेमतेम एक किलोबाइटचा एक व्हायरस : सीआयएच. जिल्ह्याचे आयुष्य आणि आपल्याकडील घरगुती संगणकाचे आयुष्य जवळपास समांतर चालले आहे. त्या पाव शतकात मालवेअरने कोणती वाट धरली, याचा हा आढावा.

२/९
सीआयएच लिहिला तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने. नाव त्याच्याच आद्याक्षरांवरून पडले. १९८६ची चेर्नोबिल अणुदुर्घटनाही २६ एप्रिलचीच, म्हणून लोक त्याला ‘चेर्नोबिल’ म्हणू लागले. विंडोज ९५ आणि ९८ मधील प्रोग्रामांच्या रिकाम्या जागांत तो शिरे. फाइलचा आकार वाढत नसल्याने संशय येत नसे. ठरल्या दिवशी तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी. काही संगणकांत तर मदरबोर्डवरील बायोसही नष्ट करी, आणि मग यंत्र सुरूच होत नसे.

३/९
या घटनेतील खरी शोकांतिका मात्र तारखांमध्ये आहे. सीआयएच जून १९९८ मध्येच ओळखला गेला होता. त्याला पकडणारे अँटिव्हायरस उपलब्ध होते. औषध आणि आघात यांच्यात तब्बल दहा महिन्यांचे अंतर होते. ज्यांच्यापर्यंत ते औषध पोहोचले नाही, त्यांचीच माहिती गेली.

४/९
औषध बनवणारे महाराष्ट्रातही होते. मूळचे साताऱ्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे ते संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरस वारंवार सापडू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यातूनच ‘क्विक हील’ आकारास आले. दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

५/९
परंतु अँटिव्हायरस एकदा घेऊन भागत नाही. नवा रोग आला की त्याची ओळखखूण प्रत्येक संगणकाला नव्याने शिकवावी लागते. आरंभी हे काम फ्लॉपी आणि सीडी करत, नंतर इंटरनेट. येथेच एक विषमता निर्माण झाली. रोगाला इंटरनेटची गरज नव्हती. तो खेळांच्या सीडीतून, मित्राच्या फ्लॉपीतून, झेरॉक्सच्या दुकानात लावलेल्या पेन ड्राइव्हमधून येई. औषध मात्र इंटरनेटनेच येणार. देवरी किंवा सालेकसा यांसारख्या, महानगरांपासून दूरच्या तालुक्यांतील घरांना ही विषमता अधिक जाचणारी होती.

६/९
२००८ साली तोच क्रम पुन्हा घडला. विंडोजमधील एका गंभीर फटीसाठी मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरला पॅच, म्हणजे अक्षरशः ठिगळ, प्रसिद्ध केले. पुढच्याच महिन्यात त्या फटीतून कॉन्फिकर हा वर्म पसरू लागला. त्याची नंतरची आवृत्ती पेन ड्राइव्हवर स्वार झाली. ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम चालवण्याची ‘ऑटोरन’ ही विंडोजची सोय त्याच्या पथ्यावर पडली. अनेक घरांत अपडेट मुद्दामच बंद ठेवलेले असत. विंडोजची प्रत पायरेटेड असे, आणि प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारी यंत्रणाही अपडेटच्याच वाटेने येई. पकडले जाण्याच्या भीतीने दार लावले गेले, आणि औषध बाहेरच राहिले.

७/९
तिसरा प्रसंग १२ मे २०१७चा. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सुमारे ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली. त्याने वापरलेल्या फटीचे ठिगळ १४ मार्चलाच आले होते. म्हणजे ५९ दिवस हाती होते.

८/९
या प्रसंगाविषयी एक गैरसमज रूढ आहे : बळी पडला तो जुनाट विंडोज एक्सपी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता हे खरे. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी अपवाद करून पॅच द्यावा लागला, हेही खरे. परंतु बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७चे होते. त्यांच्यासाठी ठिगळ दोन महिने आधीच तयार होते. ते कोणी लावलेच नव्हते. धोका यंत्राच्या वयात जितका असतो, त्याहून अधिक तो न लावलेल्या ठिगळात असतो.

९/९
हा इतिहास संपलेला नाही. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. अशा संगणकात मालवेअर आढळल्यास क्रम असा : प्रथम इंटरनेट तोडावे. छायाचित्रे व कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर घ्यावीत, प्रोग्राम घेऊ नयेत. ती डिस्क दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासावी. मूळ यंत्र पूर्ण पुसून, अजून अपडेट मिळणारी प्रणाली त्यावर नव्याने बसवावी. जुन्या यंत्रांसाठी लिनक्स विनामूल्य आहे. बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. आणि मग अपडेट सुरू ठेवावे. १९९९, २००८ आणि २०१७ या तिन्ही वेळी उपाय आधी आला होता. उशीर झाला तो घरापर्यंत पोहोचण्यात.