चित्रकथाकार आणि वाचक

चित्रकथेतील एखादे पात्र आवडू लागले, की कथेत न आलेल्या गोष्टींविषयी वाचकाला कुतूहल वाटू लागते. त्या पात्राचे वय किती, त्याचा जन्म कोठला, त्याची टोपी कधी निघते का, त्याची कल्पना कशी सुचली, असे प्रश्न तो विचारतो. हे प्रश्न वरवर बालिश वाटतात. परंतु या पात्रावर अंतिम अधिकार असलेली कोणी एक व्यक्ती आहे आणि ती उत्तर देऊ शकेल, ही गंभीर बाब त्यांत गृहीत धरलेली असते. ती व्यक्ती कोण, हे मात्र सर्वत्र सारखे नाही. जपानमध्ये प्रश्न चित्रकाराला विचारला जातो. मुंबईच्या चित्रकथा-व्यवसायात तो बहुधा संपादकाकडे जाई. मराठी हास्यचित्रांच्या क्षेत्रात चित्रकार स्वतःच प्रेक्षकांपुढे उभा राहिला. या भेदामागे अभिरुचीपेक्षा प्रकाशनाचा व्यवहार आणि स्वामित्वाचे संकेत यांचा भाग अधिक आहे.

जपानी चित्रकथेला ‘मांगा’ ही संज्ञा आहे. होकुसाई (१७६०–१८४९) या चित्रकाराच्या रेखाटनांचा ‘होकुसाई मांगा’ हा संग्रह १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागला व त्याचे एकूण पंधरा खंड निघाले. चित्रकला शिकणाऱ्यांना नमुने मिळावेत, हा त्यामागील एक हेतू होता. म्हणजे चित्रकाराने आपली रीत इतरांपुढे उलगडून दाखविण्याची प्रथा तेथे जुनी आहे. आधुनिक कथात्म मांगाची वाढ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची होय. ओसामू तेझुका (१९२८–८९) हा वैद्यकाचा पदवीधर या क्षेत्राचा प्रमुख प्रवर्तक मानला जातो. ‘मांगा शोनेन’ (१९४७–५५) हे मुलांचे मासिक वाचकांनी पाठविलेली चित्रेही छापीत असे. पुढे नामवंत झालेल्या अनेक चित्रकारांचे पहिले काम त्याच पानांवर आले. तेझुकाने १९५२ पासून या मासिकात चित्रकथा कशी काढावी हे शिकविणारी लेखमाला चालविली. तिचे वाचक नुसते चाहते नव्हते, उमेदवारही होते. त्यामुळे ‘हे पात्र असे का?’ हा प्रश्न आणि ‘मला असे पात्र कसे काढता येईल?’ हा प्रश्न तेथे फारसे वेगळे राहिले नाहीत.

तेझुकाने आणखी एक युक्ती योजिली. एखाद्या नाटक मंडळीतील नटांप्रमाणे तो आपली ठराविक पात्रे निरनिराळ्या कथांतून निरनिराळ्या भूमिकांत आणी. एका कथेतील खलनायक दुसरीत सज्जन म्हणून येई. पात्र हे कथेहून स्वतंत्र असून ते चित्रकाराच्या पदरी आहे, ही जाणीव वाचकांत रुजण्यास यामुळे मदत झाली असावी.

पुढील काळात या संबंधाला व्यापाराचे रूप आले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ या नियतकालिकाने अंकात पत्रिका घालून वाचकांना आवडत्या तीन कथा कळविण्यास सांगितले. या पत्रिकांची मोजदाद होऊन कोणती कथा चालू ठेवावयाची व कोणती थांबवावयाची हे बव्हंशी ठरे. १९९० च्या दशकाच्या मध्यास या साप्ताहिकाचा खप पासष्ट लाख प्रतींच्या वर गेला होता, हे ध्यानात घेतल्यास त्या पत्रिकांचा धाक चित्रकारांना किती असेल याची कल्पना येते. वाचक येथे प्रश्नही विचारतो आणि शिक्षाही करतो.

याच साप्ताहिकातील ‘वन पीस’ ही एइचिरो ओदा (जन्म १९७५) याची कथा जुलै १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या पुस्तकरूपातील चौथ्या खंडापासून ओदाने प्रकरणांच्या मधल्या पानांवर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास आरंभ केला. ‘प्रश्न मागवीत आहोत’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे सदर ‘एसबीएस’ म्हणून ओळखले जाते. त्यातील उत्तरे अर्धी खरी व अर्धी थट्टेची असतात. सदर सुरू झाल्याची घोषणा करण्याचा मान चित्रकाराआधी आपणच पटकवावयाचा, हा वाचकांचा नेहमीचा खेळ. ही चाचे मंडळी खऱ्या जगात असती तर कोणत्या देशाची असती, असे एका वाचकाने विचारले. तेव्हा नायक लुफी ब्राझीलचा, तलवारबहाद्दर झोरो जपानचा आणि आचारी सांजी फ्रान्सचा, असे ओदाने सांगितले. याहून महत्त्वाचा प्रकार वाढदिवसांचा होय. जपानीत अंकांच्या उच्चारांवरून शब्दांचे खेळ करता येतात. त्या आधारे वाचक एखाद्या पात्राचा वाढदिवस सुचवितात व ओदा पुष्कळदा तो तत्काळ मान्य करतो. अशा रीतीने वाचकाची सूचना चित्रकाराच्या संमतीने कथाविश्वातील वस्तुस्थिती बनते. ती संमती देण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे याविषयी कोणाला शंका नसते, कारण पुस्तकावर नाव त्याचे असते आणि कथेचे स्वामित्वही सामान्यतः त्याच्याकडे राहते.

महाराष्ट्रात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगण्याची परंपरा छपाईच्या पूर्वीची आहे. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रांच्या पोथ्या पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात. तेथे सांगणारा श्रोत्यांच्या समोरच बसलेला असे. पत्राने विचारावे असे काही उरत नसे. आख्यानातील पात्रेही कोणा एकाच्या मालकीची नव्हती. छापील चित्राने हे दोन्ही बदलले. चित्रकार दृष्टीआड गेला आणि पात्राला मालक मिळाला.

मराठीत या नव्या संबंधाची घडण दिवाळी अंकांनी केली. अनंत अंतरकर यांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ या नियतकालिकांनी मुखपृष्ठावर देखण्या स्त्रीच्या चित्राऐवजी रंगीत हास्यचित्र देण्याचे धाडस केले. शि. द. फडणीस (जन्म १९२५, भोज, जि. बेळगाव) यांचे ‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकावरील चित्र त्यांतील सर्वांत गाजलेले. एकाच्या कपड्यांवर मांजरांची आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी असलेले तरुण-तरुणी शेजारी उभे आहेत, एवढाच त्यातील मामला. शब्द एकही नाही. फडणिसांच्या पात्रांना नावे नसतात, मग जन्मगाव आणि वाढदिवस कोठून असणार? त्यामुळे त्यांच्या चाहत्याचा प्रश्न पात्राविषयी न राहता निर्मितीविषयीचा होतो : हे सुचले कसे?

या प्रश्नाचे उत्तर फडणिसांनी कागदावर देण्याऐवजी सभागृहात दिले. १९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांच्या चित्रांचे ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरले व नंतर ते अन्यत्रही गेले. पुढे ‘चित्रहास’ या कार्यक्रमात ते पडद्यावर चित्रे दाखवीत, काही समक्ष रेखाटून दाखवीत आणि कल्पनेपासून चित्रापर्यंतचा प्रवास समजावून सांगत. विनोद समजावून सांगू लागले की तो मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. फडणीस विनोद समजावीत नसत. तो रेषेत कसा उतरला तेवढेच सांगत, म्हणून तो टिकून राही. प्राथमिक शाळांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांतील त्यांची चित्रे ज्या मुलांनी पाहिली, त्यांना मात्र चित्रकाराचे नाव बहुधा ठाऊक नसे.

अशा कार्यक्रमांची एक मर्यादा उघड आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, वासिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर वसलेल्या अंजनवेलसारख्या गावात दिवाळी अंक पोहोचू शकतो. कलादालन पोहोचत नाही. खाडीकाठच्या अशा वाचकाला चित्रकारापर्यंत जाण्याचा मार्ग टपालाचाच होता, आणि मराठी मासिकांनी चित्रकाराच्या उत्तरांसाठी जपानी पद्धतीची नियमित जागा राखून ठेवली नाही. संपादकास आलेली पत्रे छापण्याची प्रथा मात्र सर्वत्र होती. शहरातील प्रेक्षकाला जे समक्ष मिळाले, ते गावातील वाचकाला मिळाले नाही, ही या परंपरेतील मोठी उणीव मानावी लागेल.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे उदाहरण थोडे निराळे आहे. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांची थट्टा करणारे सदर लिहीत. त्या ठणठणपाळाला हातात मोठा हातोडा घेतलेले रूप दिले ते सरवट्यांनी. शब्द एकाचे आणि देह दुसऱ्याचा असे हे पात्र होते. ठणठणपाळ कोण, या प्रश्नाचे उत्तर दळवी हे खरे. परंतु तो कसा दिसतो, याचे उत्तर केवळ सरवटेच देऊ शकत. सरवटे स्वतःला ‘रेषालेखक’ म्हणवीत. व्यंगचित्र हे लेखनच आहे, ही त्यांची भूमिका त्या शब्दात आली आहे आणि आपल्या कलेविषयी त्यांनी विपुल लिहिलेही आहे.

मुंबईत चित्रकथेचा संघटित व्यवसाय उभा राहिला तो १९६० च्या दशकात. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका १९६४ मध्ये निघाली व तिच्या मराठी आवृत्तीने ‘वेताळ’ घरोघरी नेला. वेताळाचा कर्ता अमेरिकेत, तेव्हा प्रश्न विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९६७ मध्ये अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली. तिच्या पहिल्या दहा अंकांत पाश्चात्त्य कथा होत्या. ‘कृष्ण’ हा अकरावा अंक राम वाईरकर यांनी रेखाटला. वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक यांसारख्या मराठी चित्रकारांच्या हातून भारतीय मुलांच्या दोन पिढ्यांच्या मनातील देव, राजे आणि वीर साकार झाले. तथापि मुले पत्रे लिहीत ती ‘अंकल पै’ यांना. चित्रकारांची नावे त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक होती.

यात पै यांचा दोष काढणे योग्य होणार नाही. मुलांशी पत्रव्यवहार ठेवणे हे त्यांनी कर्तव्य मानले आणि त्या काळी दुसरे कोणी ते करीत नव्हते. कारण व्यवस्थेत आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये नोकरीत असताना किंवा मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या चित्राचे प्रथम स्वामित्व, वेगळा करार नसल्यास, बहुतांशी मालकाकडे अथवा काम देणाराकडे जाते. आपण या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क त्याच अधिनियमाने कर्त्याला राखून ठेवला आहे खरा. परंतु पात्राच्या पुढील आयुष्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ज्याला तो अधिकार नाही, त्याला वाढदिवस विचारून उपयोग काय?

नोव्हेंबर १९८० मध्ये निघालेल्या ‘टिंकल’ या इंग्रजी नियतकालिकात वाचकांचा सहभाग आणखी वाढला. वाचकांनी पाठविलेल्या लोककथांवरून तेथे चित्रकथा तयार होत व पाठविणाराचे नाव छापले जाई. १९८३ मध्ये अवतरलेला ‘सुपंडी’ हा भोळसट नोकर तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठविलेल्या तमिळ लोककथांवरून आला. त्याचे चेंडूफळीच्या फळीसारखे चपटे डोके मात्र वाईरकरांचे. पुढे सुपंडीचे किस्से देशभरातून येऊ लागले. याच नियतकालिकातील ‘शिकारी शंभू’ वसंत हळबे यांनी व ‘कालिया’ हा कावळा प्रदीप साठे यांनी रेखाटला. शंभूचे डोळे टोपीखाली कायम झाकलेले असतात. वाचकाने चित्रकाराला विचारावा असा प्रश्न याहून दुसरा कोणता असेल? मुळीक यांनी पुढे ‘नागराज’ (१९८६) या हिंदी चित्रकथेला रूप दिले, पण त्याचेही स्वामित्व प्रकाशनसंस्थेकडेच राहिले.

मराठीत चित्रकार, पात्र आणि रोजचा वाचक हे तिन्ही एकत्र आले ते ‘चिंटू’ या चित्रमालिकेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी निर्माण केलेली ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून पुण्याच्या ‘सकाळ’ दैनिकात येऊ लागली. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, सतीशदादा, जोशीकाकू ही तिच्यातील पात्रे मध्यमवर्गीय वाड्यांतील व सोसायट्यांतील ओळखीची माणसे आहेत. कर्त्यांची नावे मालिकेशी पहिल्यापासून जोडलेली असल्यामुळे चिंटूविषयी कोणाला विचारावयाचे याविषयी संभ्रम राहिला नाही. चिंटूचे वय वाढत नाही. त्याच्याबरोबर शाळेत असलेल्या वाचकांची मुले आता शाळेत आहेत. २०१२ मध्ये या मालिकेवर चित्रपट निघाला, तेव्हा रेषेतील चिंटूला खऱ्या मुलाचा चेहरा आणि आवाज मिळाला.

गद्य बालसाहित्यातील एका पात्राची गोष्ट या संदर्भात नोंदविण्यासारखी आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा वाचकांना इतका खरा वाटे, की पुण्याजवळचे ते खेडे अनेकांना त्याच्यामुळेच माहीत झाले. २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ हा मराठी चित्रपट आला. त्यात अमेय वाघ यांनी फेणेची आणि दिलीप प्रभावळकर यांनी भा. रा. भागवतांची भूमिका केली. लेखकाच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी तो आणि त्याचे पात्र एकाच कथेत समोरासमोर आले. या वेळी लेखकाचे संवाद मात्र दुसऱ्यांनी लिहिलेले होते.